विश्लेषण : वादळ नाही, टक्कर नाही, तरी बांधून ठेवलेली शिडाची नौका बुडते कशी?

रात्री बोयाला बांधलेली शिडाची छोटी नौका सकाळी दिसत नाही. पाण्यावर फक्त डोलकाठीचे टोक आणि डिझेलचा तवंग. रात्री वादळ नव्हते, कोणी धडक दिल्याची खूण नाही, शेजारच्या नौका जागच्या जागी डुलत आहेत. मग हीच नौका का बुडाली? या प्रश्नाच्या उत्तरावर विम्याचे पैसे अवलंबून असतात, दुरुस्तीचा निर्णय अवलंबून असतो आणि त्याच बनावटीच्या दुसऱ्या नौकेवर झोपणाऱ्यांची सुरक्षितताही. हे कारण शोधतात कसे, याविषयी…

बांधलेली नौका बुडणे कितपत सामान्य?

समजुतीपेक्षा बरेच जास्त. अमेरिकेतील ‘बोटयूएस’ ही नौकामालकांची मोठी संघटना नौकांच्या विमा दाव्यांचा अभ्यास करते. तिच्या निष्कर्षानुसार एक नौका प्रवासात बुडत असेल, तर चार नौका धक्क्याला किंवा मुरिंगला बांधलेल्या अवस्थेत बुडतात. यामागचे कारण साधे आहे. प्रवासात नौकेवर माणूस असतो. पाय ओले झाले की तो पाणी उपसतो, झडप बंद करतो, किनाऱ्याकडे वळतो. बांधलेल्या नौकेवर कोणी नसते. समुद्रात दहा मिनिटांत लक्षात आली असती अशी गळती इथे आठवडाभर चालू राहते.

मोठी नौका बुडाली तर सरकारी यंत्रणा हलतात. १९ ऑगस्ट २०२४ रोजी इटलीत सिसिलीच्या पोर्टिचेलोजवळ नांगरून ठेवलेली ५६ मीटर लांबीची ‘बायेझियन’ ही आलिशान शिडाची नौका वादळात बुडाली आणि सात जणांचा मृत्यू झाला. इटली आणि ब्रिटन या दोन्ही देशांत तिची चौकशी झाली, जून २०२५ मध्ये नौका समुद्रातून वर काढण्यात आली. सात मीटरच्या नौकेच्या वाट्याला असे काही येत नाही. तिथे मालक, विमा कंपनीचा सर्व्हेयर आणि एखादा पाणबुड्या एवढाच काय तो तपास.

नौका बुडते म्हणजे नेमके काय होते?

नौका जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा वरचा रेटा तिला मिळतो. हे आर्किमिडीजचे तत्त्व शाळेत सगळ्यांनी वाचलेले असते. रिकाम्या नौकेच्या पोटात हवा असते, म्हणून ती तरंगते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की उरते फक्त नौकेचे साहित्य. फायबरग्लास पाण्यापेक्षा जड असते आणि शिडाच्या नौकेच्या तळाला कील म्हणजे शिसे किंवा लोखंडाचा जड कणा असतो.

उदाहरणार्थ, जगभर शर्यतींसाठी वापरली जाणारी ‘जे/२४’ ही नौका ७.३ मीटर लांब आहे. तिचे वजन सुमारे १,४०० किलो आणि त्यातले सुमारे ४३० किलो स्थिरतेसाठी तळाशी घातलेले. हे वजन नौकेला वाऱ्यात सरळ ठेवते. पण आत पाणी भरले की तेच तिला खाली नेते. मुले शिकायला वापरतात त्या छोट्या होड्यांमध्ये हवेच्या बंद पिशव्या किंवा टाक्या असतात, त्यामुळे त्या पाण्याने भरल्या तरी तरंगतात. कील असलेल्या बहुतांश नौकांमध्ये अशी सोय नसते.

लहानशा भोकातून किती पाणी येते?

इथे गणित उपयोगी पडते. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण एक इंचाचे भोक आहे असे समजा. त्या खोलीवर पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत घुसते. भोकाच्या कडांमुळे प्रवाह आक्रसतो, हे धरूनही मिनिटाला ४० लिटरहून अधिक पाणी येते. तासाला अडीच टन! नौकेचे स्वतःचे वजनच दीड टनाच्या आत असेल, तर ती रात्रीतून तळाला जाणे अजिबात गूढ नाही. भोक दीड इंचाचे असेल तर हा आकडा तासाला सहा टनांवर जातो, कारण व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होते.

मोठे भोक लागतेच असेही नाही. दर दहा मिनिटांना एक लिटर एवढीच गळती असेल, तर दिवसाला १४४ लिटर आणि आठवड्याला एक टन पाणी साचते. मालक दर रविवारी येत असेल आणि एक रविवार चुकला, तर तेवढे पुरते.

पंप असतो ना?

नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या जागेला बिल्ज म्हणतात. तिथे बॅटरीवर चालणारा पंप असतो आणि पाणी वाढले की तरंगत्या स्विचमुळे तो आपोआप सुरू होतो. लहान नौकांमध्ये तासाला ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर क्षमतेचा पंप सर्रास दिसतो. पण हा आकडा पाणी वर चढवायचे नसताना मोजलेला असतो. प्रत्यक्षात पाणी मीटरभर वर चढवायचे, नळीची वळणे पार करायची आणि बॅटरी उतरत असताना हे सगळे करायचे, तर क्षमता बरीच घटते. एक इंची भोकापुढे हा पंप कागदावरही हरतो.

बॅटरीचा हिशेबही तपासकर्ते करतात. असा पंप साधारण अडीच अँपिअर वीज घेतो. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वीज वापरण्याजोगी धरली, तर पंप सलग २० तास चालेल. त्यानंतर शांतता. पंप गळती थांबवत नाही. तो फक्त वेळ मिळवून देतो. त्यामुळे ‘पंप बंद पडला म्हणून नौका बुडाली’ हे उत्तर अर्धेच असते. पंपाला सतत चालावे का लागले, हा खरा प्रश्न.

भोक नसतानाही पाणी आत येते का?

येते, आणि आपल्याकडे याचे मोठे कारण पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नौकेच्या मागच्या भागात बसण्याचा खोलगट हौद असतो, त्याला कॉकपिट म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरले आणि दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो पाणी जमा होते. पाच-सहा माणसे मागच्या टोकाला येऊन बसावीत तसे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशेबाने दोन चौरस मीटरवर जवळपास १,९०० लिटर पाणी पडले.

कॉकपिटमधले पाणी बाहेर जाण्यासाठी निचऱ्याची भोके असतात. त्यात पाला, प्लास्टिकची पिशवी किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की पाणी साचते आणि नौकेचा मागचा भाग खाली बसतो. एरवी पाण्याच्या वर असणारी इंजिनाच्या धुराड्याची किंवा पंपाच्या नळीची तोंडे आता पाण्याखाली जातात. पंपाच्या नळीला वरून वळसा दिलेला नसेल, तर बाहेरचे पाणी सायफनने उलटे आत येऊ लागते. ज्या नळीने पाणी बाहेर टाकायचे, तीच समुद्राला आत घेते.

अशा प्रकरणात नौका समुद्राच्या पाण्याने बुडते, पण सुरुवात पावसाने झालेली असते. तपासात सर्वात जास्त गफलत इथेच होते. शेवटचे कारण डोळ्यांना दिसते. पहिले कारण एखाद्या पानाएवढे असते आणि पाणबुड्या येईपर्यंत वाहून गेलेले असते.

पहिला संशय झडपांवर का घेतला जातो?

कारण नौकेच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोके असतात. इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेण्यासाठी एक, शौचालयासाठी दोन, बेसिनसाठी एखादे, वेग मोजणाऱ्या यंत्रासाठी आणखी एक. प्रत्येक भोकात धातूची जोडणी, तिच्यावर सी-कॉक नावाची झडप, झडपेवर रबरी नळी आणि नळीवर आवळपट्टी. ही साखळी सर्वात कमजोर कडीएवढीच मजबूत. स्टीलची आवळपट्टी गंजून तुटते, रबर कडक होऊन चिरते किंवा झडपच मोडते.

यातला फसवा शत्रू म्हणजे पितळ. साध्या पितळात तांबे आणि जस्त असते. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. बाहेरून आकार तोच, आट्याही शाबूत. पण ताकद नाही. हातोडीने हलकेच ठोकले तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो आणि मोडलेल्या ठिकाणी पिवळ्याऐवजी गुलाबी रंग दिसतो. सर्व्हेयरसाठी हा गुलाबी रंग कबुलीजबाबासारखा असतो. छोट्या नौकांच्या झडपांसाठीच्या ‘आयएसओ ९०९३’ या आंतरराष्ट्रीय मानकात गंजरोधक धातूची कसोटी पाच वर्षांच्या वापरापुरती ठरवलेली आहे. नौका मात्र तीस-तीस वर्षे वापरात असतात.

याला वेग देते ती वीज. दोन वेगळे धातू समुद्राच्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यांची बॅटरी तयार होते आणि कमी ‘उच्च’ धातू झिजतो. म्हणूनच तळाला जस्ताचे तुकडे लावतात, ते आधी झिजावेत आणि बाकीचे धातू वाचावेत म्हणून. हे तुकडे संपून गेलेले असतील किंवा वायरिंगमधून वीज पाण्यात गळत असेल, तर झडपेची पाळी येते.

बांधणी चुकली तर?

नौका बांधताना भरती-ओहोटी विसरली, तर सुस्थितीतली नौकाही बुडते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या वर जातो. दोर आखूड असेल तर भरतीला नौकेचे नाक खाली खेचले जाते. धक्क्याच्या आडव्या तुळईखाली नौकेची कड अडकली, तर चढते पाणी तिला वर उचलू शकत नाही आणि कडेवरून आत शिरते. उलट, उथळ जागी ओहोटीला नौका तळाला टेकते. खाली स्वतःचाच नांगर, मुरिंगचा दगड किंवा जुना लोखंडी खांब असेल तर तळाला भोक पडते. पुढच्या भरतीला पाणी आत येते, नौका उठतच नाही. त्यामुळे तपासात भरती-ओहोटीचे वेळापत्रक पहिल्या दिवशीच काढून ठेवतात. नौका शेवटची तरंगताना कधी दिसली आणि त्यानंतर पाणी कधी, किती चढले, हे जुळवले की निम्म्या शक्यता गळतात.

लाकडी नौकांचे गणित वेगळे आहे का?

हो. लाकडी नौकेच्या फळ्या ओल्या असताना फुगून सांधे घट्ट ठेवतात. उन्हात सुकल्या की सांधे उघडतात. खूप दिवस किनाऱ्यावर राहिलेली नौका पाण्यात उतरवून लगेच एकटी सोडली, तर ती पहिल्याच रात्री बुडू शकते. लाकूड पोखरणारे सागरी किडेही आहेतच. त्यांचे बाहेरचे भोक टाचणीएवढे असते, आत मात्र फळीची चाळण झालेली असते.

सांध्यातून होणारी गळती शोधण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. कुलाब्यात बांधलेल्या ‘सुहैली’ या ३२ फुटी सागवानी नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. प्रवासाच्या सुरुवातीच्या टप्प्यात अटलांटिकमध्ये नौका पाणी घेऊ लागली. आतून कारण सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतः पाण्यात उतरून तळ पाहिला. नौका हलताना कण्याजवळच्या फळीचा सांधा उघडझाप करत होता. पाण्याखालीच त्यात कापूस भरून, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकून त्यांनी ती फट बुजवली. गळती फक्त हालचालीत दिसते, हा त्यातला धडा. बंदराच्या शांत पाण्यात हीच नौका कदाचित कोरडी वाटली असती.

वर काढण्याआधी काय पाहतात?

बुडालेली नौका वर काढण्याची घाई सगळ्यांनाच असते. इंधन सांडत असते, इतर नौकांचा मार्ग अडलेला असतो आणि बंदर प्रशासनाचा तगादा असतो. पण पुरावा सर्वात शुद्ध असतो तो पाण्याखाली. पाणबुड्या आधी फोटो आणि व्हिडीओ काढतो. नौका नाकावर टेकली आहे की पिछाडीवर? बहुधा पाणी ज्या बाजूने आधी साचले, ती बाजू आधी खाली जाते. कोणती झडप उघडी, कोणती बंद? नळ्या जागेवर आहेत का? दोर तुटला आहे, सुटला आहे की ताणलेला आहे? या पाहणीत एकही झडप फिरवायची नाही, हा नियम. कोणी ‘सुरक्षेसाठी’ म्हणून ती बंद केली, तर नंतर ती उघडी होती हे सिद्ध करता येत नाही.

वर काढताना नवे नुकसान होतेच. पट्ट्यांचा दाब येतो, कठडे वाकतात, हवेच्या पिशव्यांनी सांधे उचकटतात. त्यामुळे जुने आणि नवे यांतला फरक ओळखावा लागतो. ताजी मोड चकचकीत असते; जुन्या चिरेत मळ, शेवाळ किंवा गंज असतो. तळावर चिकटलेले शंख-शिंपले एखाद्या पट्ट्यातच खरवडलेले असतील, तर तिथे काहीतरी बराच काळ घासत होते.

वर आल्यावर गळती कशी सापडते?

उलट्या दिशेने. नौका जमिनीवर नीट आधार देऊन ठेवतात आणि आतून थोडे थोडे पाणी भरत जातात. बाहेर उभा असलेला माणूस खडू घेऊन जिथे थेंब दिसेल तिथे खूण करतो. पाण्यात रंग मिसळला तर बारीक गळतीही दिसते. मात्र नौकेचे कवच बाहेरचा दाब सोसायला बनवलेले असते, आतला नव्हे. म्हणून पाणी काठोकाठ भरत नाहीत. त्यानंतर वरून पाइपने पाणी मारून पावसाची नक्कल करतात. तळ कोरडा आणि डेकचा सांधा गळका निघाला, तर संशयाची दिशा बदलते.

वीजही साक्ष देते. तारांमध्ये वीज असताना खारे पाणी पोहोचले, तर धन टोकाची बाजू वेगाने खाल्ली जाते. ती तशी सापडली, तर नौका बुडताना बॅटरीत जीव होता. मग पंप का चालला नाही? फ्यूज उडाला होता, स्विच अडकला होता की कचऱ्याने पंपाचे तोंड बंद झाले होते? उलट सगळी टोके शाबूत असतील, तर बॅटरी आधीच संपली होती, म्हणजे पंप बराच काळ झुंजला आणि गळती मंद पण जुनी होती, ही शक्यता बळावते.

विम्याच्या दृष्टीने एवढा काथ्याकूट कशाला?

कारण एकाच बुडण्याची दोन कारणे दोन वेगळे निकाल देतात. भारताच्या सागरी विमा कायदा, १९६३ मधील कलम ५५ नुसार, विम्यात समाविष्ट असलेला धोका हे नुकसानीचे निकटचे कारण असेल तर विमा कंपनी जबाबदार ठरते. नेहमीची झीज आणि नेहमीची गळती यांची जबाबदारी मात्र, पॉलिसीत वेगळे म्हटले नसेल तर, कंपनीवर येत नाही. दुसऱ्या नौकेने धडकून फोडलेली झडप आणि दहा वर्षे झिजून मोडलेली झडप, दोन्हीकडे भोक तेवढेच असते. दावा मात्र एक मंजूर होऊ शकतो, दुसरा फेटाळला जाऊ शकतो. मोडलेला तुकडा कचऱ्यात गेला, तर मालकाच्या हातात सांगण्यासारखे काही उरत नाही. देखभालीच्या पावत्या आणि तारखेसह फोटो इथेच उपयोगी येतात.

दुसरे कारण पैशांपलीकडचे आहे. एका नौकेची झडप बांधलेल्या जागी मोडली, तर नुकसान मालमत्तेचे. त्याच कारखान्याची, त्याच वयाची झडप दुसऱ्या नौकेत किनाऱ्यापासून ३० मैलांवर मोडली, तर प्रश्न जिवाचा. कारण सापडले तर शेजारचे मालक आपापल्या नौकेची तीच जागा तपासू शकतात.

टाळता येते का?

बहुतेक वेळा येते. नौका सोडून जाताना कॉकपिटच्या निचऱ्याची वगळता बाकी सर्व झडपा बंद कराव्यात. निचऱ्याची भोके हाताने तपासावीत. तरंगता स्विच उचलून पंप सुरू होतो का ते पाहावे. पाण्याखालच्या प्रत्येक नळीला दोन आवळपट्ट्या असाव्यात आणि प्रत्येक झडपेशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी. वर्षातून एकदा नौका बाहेर काढून जस्ताचे तुकडे बदलावेत, झडपा ठोकून पाहाव्यात.

कोकणातल्या मच्छीमारांना यातले निम्मे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पावसाळा तोंडावर आला की ते होड्या पाण्यात ठेवत नाहीत. किनाऱ्यावर ओढून शाकारतात. पावसाळाभर नौका पाण्यातच ठेवायची असेल, तर निदान मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्यापर्यंत जाऊन बिल्जचे झाकण उघडून पाहायला हवे.